डायवर चहा प्यायला गेलाय

डॉक्टरीणबाईंविषयी माझ्या तोंडून चांगला शब्द निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. बाई वाईट नव्हती. खरं दुखणं तेच होतं. वाईट असती तर चार घरी जाऊन सांगितलं असतं आणि मोकळी झाले असते. पण ती हसतमुख, शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. अशा बाईचा राग करायचा म्हणजे चोरून करावा लागतो. मी तो इतकी वर्षं चोरूनच केला, आणि नीट केला.

दुसरी एक गोष्ट. लिहिताना मी 'मला' लिहिते, कारण शाळेत मास्तरांनी छडी मारून तसं शिकवलं. बोलताना मी अजून 'मले'च म्हणते. आमच्या जळगाव जामोदला सगळे तसंच बोलतात, आणि जळगावलासुद्धा 'जयगाव' म्हणतात. हे आधीच सांगते, कारण पुढचा सगळा घोळ ह्या एका 'ले'वरून झाला.

नवीन राज्य होऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची ही हकीकत. मी लग्न होऊन जळगावला आले. आमचे हे हायस्कुलात मास्तर. शेजारच्या घरात माझ्याच लग्नसराईत दुसरी एक नवरी आली होती, तिचे यजमान पाटबंधारे खात्यात कारकून. ती संग्रामपूरकडची, शेतकऱ्याघरची. आवाज इतका बारीक की भाजीवाली तिला दोनदा विचारायची, काय म्हणता बाई. आम्हा दोघींचं कसं जमलं ते सांगता येत नाही. पहिल्या आठवड्यातच जमलं एवढं खरं. दोघींचाही नव्या घरी जीव रमत नव्हता, आमच्याकडे म्हणतात तसं गमत नव्हतं, आणि एकमेकींजवळ बसलं की गमायचं.

बसायची जागा म्हणजे समोरच्या आत्याबाईंची ओसरी. आत्याबाई माझ्या सासऱ्यांच्या लांबच्या बहीण, एकट्या राहायच्या. दुपारी पुरुषमाणसं कामावर गेली की आम्ही तूर नाहीतर गहू निवडायला घेऊन त्यांच्याकडे जात असू. निवडणं हे सांगायला. सुपाखाली कवड्यांचा पट असायचा. माझ्या मैत्रिणीनं जुन्या खणाच्या तुकड्यांचा तो शिवला होता, दोऱ्यानं घरं काढून. सासरा गल्लीतून खाकरत गेला की पटावर सूप यायचं आणि आम्ही खडे वेचायला लागायचो.

एका दुपारी ती कवड्या हातात धरून नुसतीच बसली. विचारलं तर म्हणाली, "ह्या सोंगट्या कुठी चालल्या वं? नुसत्या गोल गोल फिरून राह्यल्या."

मी गमतीनं म्हटलं, मोटारीनं संग्रामपूरले चालल्या. ती म्हणाली, मग मोटार कोण चालवते? म्हटलं, मी. लगेच ती म्हणाली, तर मी कंडक्टर. आणि तोंडानं टिंग-टिंग करून तिनं डबल घंटी दिली.

झालं. त्या दिवसापासून आमचा खेळ बदलला. पटावरचं प्रत्येक घर म्हणजे एक थांबा. माझी सोंगटी हिरव्या काकणाचा तुकडा, तिची शर्टाचं खाकी बटण. गाडी थांब्यावर आली की मी अडचण सांगायची. नदीला पूर आला. अख्खं वऱ्हाड एकदम चढायला निघालं. सातपुड्याच्या अंगाला टायर फुटलं आणि झाडीत काहीतरी हललं. मग जिचं सोंग असेल तिनं त्या सोंगात शिरून बोलायचं, काय करते ते सांगायचं आणि कवड्या टाकायच्या. जास्त कवड्या उताण्या पडल्या तर जमलं, नाहीतर फजिती. नियम एकच होता. एकदा पटाशी बसलं की स्वतःचं नाव नाही, घरातल्या कुणाचं नाव नाही. सोंगटी धरली की सोंग धरायचं.

आता डायवर आणि कंडक्टर म्हणजे बाप्ये. ते काय एकमेकांना अवं-अगं करणार? आम्ही सरळ 'बे' म्हणायला लागलो. चाल बे डायवर. थांब बे कंडक्टर, बैल आडवा आला. सुनांच्या तोंडी 'बे' ऐकून आत्याबाईंनी कानावर हात ठेवले, मेल्यांनो सासू ऐकेल तर झाडून काढेल म्हणाल्या, आणि चार दिवसांनी त्यांनाच राहवेना. त्यांनी चिंचोका घेतला आणि गाडीत बसल्या. बकरी घेऊन निघालेली म्हातारी असं त्यांचं सोंग. बकरीचं तिकीट काढायचं की नाही यावरून त्या आणि कंडक्टर रोज भांडायच्या. त्यांना हिवरा आश्रमाला जायचं होतं. आमची गाडी तिकडं जातच नव्हती, हिवरा पडला मेहकरकडे, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. त्या म्हणायच्या, मी बसूनच राह्यते, कधी तरी जाईलच.

आणि ती माझी बारीक आवाजाची मैत्रीण. बटण हातात आलं की तिचा आवाज कुठून यायचा देव जाणे. वऱ्हाडातल्या नवरदेवाच्या बापाला तिनं असं झापलं होतं की आत्याबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. घरी सासूपुढे वर मान करायची नाही ती पोरगी.

तरी खरी गंमत याहून वेगळी होती, आणि ती आम्हा दोघींनाच माहीत होती. घरचं दुखणं घरच्या नावानं बोलायची चोरी. पण कंडक्टरला गाडीतलं बोलायला कोण अडवणार? एक दिवस ती म्हणाली, डायवर, आज एका बुढीनं मले भाजीतल्या मिठावरून लय बोललं. गाडीत भाजी कुठून आली? आत्याबाईंना काही कळलं नाही. मला कळलं. मी समोरचा रस्ता पाहत म्हटलं, उतरवून देऊ का बे बुढीले? ती बटण पुढच्या घरात सरकवत म्हणाली, "राहू दे बे. तिकीट काढलं आहे तिनं."

अशा आम्ही दोघी एकमेकींना सगळं सांगत होतो. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हाही मी तिला इंजन बंद पडलं असंच सांगितलं होतं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, आपण ढकलू. पटाबाहेर आम्ही त्यावर कधी बोललो नाही. गरजच पडली नाही.

मग गावात नवे सरकारी डॉक्टर आले. पुण्याचे. त्यांच्या बाईंना दुपारी वेळ जात नाही म्हणून आत्याबाईंनीच ती धोंड गळ्यात बांधली. बिचारी एकटी आहे, येऊ द्या म्हणाल्या. आली बिचारी. पांढरीशुभ्र साडी, हातात घड्याळ. पटाकडे बघितलं, सगळं ऐकून घेतलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "किती छान. आणि ही बस जाते कुठे?"

मी सांगितलं, संग्रामपूर, तिथून पुढे डोंगराला लागून. म्हणाली, एवढंच? पुण्याला का जात नाही?

माझ्या मैत्रिणीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे दिसलं ते मी विसरलेली नाही. आतापर्यंत अशी ती फक्त माझ्याकडे बघायची, मी पुराच्या पाण्यात गाडी घालते म्हटलं की.

गेली गाडी पुण्याला. आता पुणं मी कुठं पाहिलेलं? रस्त्यात काय लागतं, वळण कुठं, पूल कुठं, मला काय ठाऊक. तर मी आपली काकणाचा तुकडा धरून बसायची आणि रस्ता सांगायची डॉक्टरीणबाई. आणि सांगायची छान, झक मारत कबूल करावं लागतं. भाजीवाल्याचा आवाज वेगळा, टांगेवाल्याचा वेगळा, घरमालकिणीचा तर असा की आत्याबाई पदर सावरून बसायच्या. नेमकं काही घडणार तिथं ती थांबायची आणि घड्याळाकडे बघून म्हणायची, चला, आता उद्या. माझी मैत्रीण रात्रभर त्यातच. सकाळी विहिरीवर भेटली की पहिलं वाक्य, त्या घरमालकिणीनं दार उघडलं असेल का वं? माझ्या पुरात अडकलेल्या गाडीची तिला कधी एवढी काळजी वाटली नव्हती.

माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी येऊन मी भांडी आपटायची. ह्यांनी एकदा विचारलं, शाळेतलं माझं काही तुझ्या कानावर आलं का? म्हटलं, तुमचं काय येणार कानावर, जेवा गुपचूप.

त्यातही मला सर्वांत जास्त काय झोंबलं असेल, तर माझ्या मैत्रिणीचे प्रश्न. खेळ सुटला की ती डॉक्टरीणबाईच्या शेजारी सरकायची आणि विचारत बसायची. तिकडे नळ घरात असतो का? शेजारणीकडे विरजण मागायला जातात की नाही? दुकानदाराला काय म्हणून हाक मारायची? मी ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, घे, अजून चाट हिचे तळवे. मला कधी विचारलं का तिनं, की डायवर, तुह्या माहेरी विरजणाचं काय करतात?

आणि डॉक्टरीणबाई तिला सुधारायची. प्रेमानं. "ड्रायव्हर, अगं. डायवर नाही. जीभ जरा अशी लाव." माझी मैत्रीण आरशासमोर बसल्यासारखी तोंड वेडंवाकडं करून म्हणायची, ड्राय, ड्रायव्. मला हसू यायला पाहिजे होतं. पण यायचं नाही. तो शब्द म्हणजे मी होते. माझं नाव तिथं घासूनपुसून ठेवत होती ती बाई.

मी मधल्या काळात जमेल तेवढा त्रास दिला. घाटात मुद्दाम गाडी बंद पाडली. डॉक्टरीणबाईच्या सोंगाला, ती पुण्याची एक विधवा मास्तरीण झाली होती, मागच्या सीटवर बकरीजवळ बसवलं. बकरीनं तिची पुस्तकं खाल्ली असं जाहीर केलं. तर ती रागवायची सोडून इतकी हसली की बकरीचं सगळ्यांना कौतुक झालं, आणि दुसऱ्या दिवशी बकरी कविता म्हणायला लागली. कुणावर राग काढायचा आता? माझा डाव माझ्याच अंगावर येत होता, आणि कंडक्टर माझ्याकडे बघत नव्हता.

शेवटी ती दुपार आली. ओसरीत शेंगा फोडायला घेतल्या होत्या. गाडी जळगावच्या स्टँडवर लागलेली, फेरी नव्यानं सुरू व्हायची होती. मी म्हटलं, चाल बे कंडक्टर, दे घंटी. तिनं घंटी दिली नाही. बटण बोटांत फिरवत राहिली. मग डॉक्टरीणबाईकडे एकदा बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि हळू म्हणाली, "ड्रायव्हर, मला दुसऱ्या गाडीवर टाकलंय."

मला.

पुढचं वाक्य माझ्या कानात शिरलंच नाही. मी ते 'मला' ऐकलं. इतकं स्वच्छ, इतकं पुण्याचं, जणू जन्मभर तेच बोलत आली होती. आणि 'टाकलंय'. आमच्यात कोण म्हणतं टाकलंय? मी डॉक्टरीणबाईकडे बघितलं तर ती मान हलवत होती, शिष्यिणीनं धडा बरोबर म्हटला की मास्तरीण हलवते तशी. माझ्या डोक्यात एकच उजेड पडला. हिला आता त्या बाईच्या गाडीवर जायचं आहे. माझी गाडी, माझा पूर, माझा सातपुडा, सगळं हिला गावंढळ वाटायला लागलं, आणि तेही मला त्या बाईच्या भाषेत सांगते आहे.

मी काकणाचा तुकडा उचलला आणि पटाबाहेर भिरकावला. म्हटलं, "जाय मग. मले काऊन सांगते? डायवर उतरला."

आणि उठले. शेंगांचं सूप लवंडलं, आत्याबाई अगं अगं करत राहिल्या. मी पायऱ्या उतरत होते तेव्हा मागून माझ्या मैत्रिणीचा आवाज आला. तो आत्याबाईंच्या म्हातारीशी बोलत होता, कंडक्टरच्या आवाजात. "काही नाही व आजी, बसा. डायवर चहा प्यायले गेला. येतेच."

मी गेले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. विहिरीवरसुद्धा वेळ बदलून जायला लागले. तिनं दोनदा दारावरून हाक मारली, मी सासूबाईंना सांगायला लावलं की डोकं दुखतं. आठवडा गेला असेल नसेल, ह्यांनी जेवताना सहज सांगितलं, शेजारचे निघाले की पुण्याला. बदली झाली ना. तुला माहीत नाही? महिना झाला ऑर्डर येऊन.

दुसऱ्या गाडीवर टाकलंय. तिनं मला सांगितलं होतं. आम्ही जसं सगळं सांगत आलो तसं, पटावर, सोंगात. पुण्याला लोक हसतील म्हणून घाबरून ती तोंड वेडंवाकडं करत होती, नळाचं आणि विरजणाचं विचारत होती. मिठावरून बोलणारी बुढी मला लगेच कळली होती. आणि हे कळलं नाही, कारण माझे कान एका 'ला'वर अडकले होते.

आता तुम्हाला वाटेल मला पश्चात्ताप झाला. नाही. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की डॉक्टरीणबाईला महिनाभर आधी माहीत होतं. तिला आधी सांगितलं. मला का नाही? रात्री पडल्यापडल्या त्याचं उत्तरही समजलं. मला सांगताना ती रडली असती, आणि त्या बाईपुढे रडावं लागलं नसतं. पण उत्तर समजल्यानं कुणाचा जळफळाट थांबला आहे?

त्यांची निघायची वेळ झाली तेव्हा मी स्टँडवर गेले. सगळी गल्लीच आली होती. तिचे सासू-सासरे, ट्रंका, वळकट्या, आणि तिच्या शेजारी, हातात हात घेऊन, कोण तर डॉक्टरीणबाई. तिच्यासाठी प्रवासातला फराळ बांधून आणला होता तिनं. मी काहीच आणलं नव्हतं. एवढ्या माणसांत, सासऱ्यासमोर, आम्ही काय 'बे' म्हणणार? ती माझ्याकडे आली, नमस्कार केला, मी मोठी होते ना दोन वर्षांनी, आणि म्हणाली, येते. मी म्हटलं, या. बस्स. खिडकीत बसल्यावर तिनं एकदा ओठ हलवले, पण खऱ्या कंडक्टरनं घंटी मारली आणि इंजनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. डॉक्टरीणबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. म्हणून मी रडले नाही. तिच्या शेजारी उभं राहून तिच्यासारखंच रडायचं मला जमलं नसतं.

पट ती घेऊन गेली होती. तिनंच शिवलेला, तिचाच होता. आत्याबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या जिवाची परत आग झाली. म्हणजे आता तिथं नव्या बायका बसणार, तिथं कुणीतरी दुसरी गाडी चालवणार, आणि ही तिला म्हणणार, चला ड्रायव्हर. डॉक्टरीणबाईनं एकदोनदा मला सुचवलं की आपण नवा पट शिवू या. मी म्हटलं, मला कापसाच्या वाती वळायच्या आहेत. पुढे डॉक्टरांचीही बदली झाली, आणि मी त्यांच्या रिकाम्या घरावरून जाताना मुद्दाम सावकाश जाऊ लागले.

मैत्रिणीची पत्रं यायची, वर्षाकाठी एखादं. त्यात सगळं 'मला' आणि 'तुला'. पण पत्रात मीही तेच लिहीत होते, तेव्हा त्यावरून काय समजणार? ती आता तोंडानं कशी बोलते, हे पत्रात दिसत नव्हतं. मला तेवढंच जाणून घ्यायचं होतं. मुलाबाळांची खुशाली मी वाचून सोडून द्यायची.

बऱ्याच वर्षांनी ह्यांचं शिक्षकांचं शिबिर पुण्याला निघालं. मी म्हटलं, मीही येते. कशाला म्हणाले. म्हटलं, पुणं पाहायचं आहे. दोन मुलं नणंदेकडे ठेवली, आत्याबाईंनी माझ्या मैत्रिणीसाठी तुरीची डाळ बांधून दिली, आणि नांदुऱ्याहून रेल्वेनं आम्ही निघालो. ह्यांना शिबिरावर सोडून मी पत्ता विचारत तिच्या बिऱ्हाडी पोचले तेव्हा दुपार झाली होती. पत्रात कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर तिनं आवरून सावरून ठेवलं असतं, आणि मला जे पाहायचं होतं ते दिसलं नसतं.

दार उघडंच होतं. आतल्या खोलीत तीन बायका पायाची घडी घालून बसलेल्या, मधे पट. तोच, खणाचा. आजूबाजूला निवडायची ताटं. मैत्रीण दिसली नाही, स्वयंपाकघरातून कपबश्यांचा आवाज येत होता. मला पाहून एका चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, कोण हवंय? मी म्हटलं, गावाकडून आले आहे. त्या म्हणाल्या, या, बसा, त्या चहा टाकतायत. इतकं गोड आणि शुद्ध की मला डॉक्टरीणबाईच आठवली. मी दाराशीच टेकले. कुणाचा काकणाचा तुकडा, कुणाचं बटण, माझी नजर तेवढंच शोधत होती.

खाकी बटण पटावर होतं. बाकी दोन-तीन मणी. हिरवं काकण कुठल्याच थांब्यावर नव्हतं. मग दिसलं. पटाच्या कडेला, पहिल्या थांब्याला चिकटून, वेगळ्या रंगाच्या कापडाचं एक जास्तीचं घर नव्यानं शिवलेलं होतं. पूर्वी तिथं काही नव्हतं. त्या घरात तो तुकडा ठेवलेला होता.

मी विचारलं, हा काय खेळ आहे? चष्मेवाल्या बाईंनी समजावून सांगितलं. ही एक बस आहे. ही जयगावच्या स्टँडवर उभी आहे. मी म्हटलं, जयगाव? त्या म्हणाल्या, "खरं गाव नाहीये ते. खेळातलं आहे." आम्ही सगळे प्रवासी, म्हणाल्या. मग स्टँडवर काय काय होतं, कुणाची ट्रंक हरवते, कुणाचं लग्न जुळतं, एक म्हातारी आहे तिला कुठल्याशा आश्रमात जायचंय, तिची बकरी सुटते. मी विचारलं, आणि गाडी सुटत नाही? दुसऱ्या एक बाई हसल्या. "डायवर नाहीये ना."

डायवर. जीभ वळवून, नीट, आमच्यासारखं. मी म्हटलं, ड्रायव्हर म्हणायचं आहे का तुम्हाला? त्यांनी मान हलवली. नाही हो, डायवर. नावच आहे ते त्याचं. तो चहा प्यायला गेलाय. तो आला की गाडी सुटणार. आम्ही यांना कितीदा म्हटलं, दुसरा कुणी घ्या, आमच्यातली एक होईल ड्रायव्हर. पण या ऐकत नाहीत. म्हणतात, येतोच तो.

तेवढ्यात ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. अंगानं भरली होती, कानाशी केस पिकले होते. तिनं आधी पाहुण्याकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. मग ओळखलं. तिनं ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले, आणि त्या सगळ्या पुण्याच्या बायकांसमोर, भाजीवालीला ऐकू न जाणाऱ्या आवाजात नाही, कंडक्टरच्या आवाजात म्हणाली,

"काऊन बे डायवर, किती टाइम लावला चहाले?"

त्या तिघी तिच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मी डाळीची पिशवी खाली ठेवली. म्हटलं, "हाटेलात गर्दी होती बे."

ती खाली बसली आणि बटण उचललं. चष्मेवाली बाई लगेच तिच्या मांडीला मांडी लावून बसली, रोजचीच जागा असावी तिची. ते काही मले आवडलं नाही. मी गेले, म्हटलं सरक व थोडी, आणि दोघींच्या मधात बसले.